हमीदभाईंच्या लेकीचं पोहणं

कुवेतच्या राई भागात, गॅरेजांच्या गल्लीत हमीदभाई गाड्यांच्या एसीची कामं करत. तिथं एप्रिल सरला की एसी बिघडलेली गाडी म्हणजे चाकं लावलेली भट्टी. गिऱ्हाईक घामानं निथळत दारात यायचं आणि 'आत्ताच करून दे' म्हणून ठाण मांडायचं. बाकीच्या दुनियेला उन्हाळ्याची सुट्टी लागायची तेव्हा हमीदभाईंना मान वर करायला फुरसत नसे. हिवाळ्यात जरा हात मोकळे व्हायचे, तर समुद्र इतका गार की त्यात कुठलं पोर उतरवावं असं वाटायचं नाही.

समुद्राची गोष्ट निघाली, कारण हमीदभाई मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. हा चालायला आणि पोहायला एकदमच शिकला, असं त्यांची आई सांगायची. पुढे वाडीतली पोरं त्यांच्या हवाली होऊ लागली. दोन न सोललेले सुके नारळ एकमेकांना बांधून पोराच्या पोटाखाली द्यायचे, त्याखाली आपला तळहात धरायचा, गप्पा मारत मारत खोलात न्यायचं आणि हात कधी काढून घेतला ते पोराला कळूच द्यायचं नाही. अशी कितीतरी पोरं त्यांनी पाण्याला लावली. त्यातली कोणी आज बोटीवर होती, कोणी दुबईत. भेटली की म्हणायची, "हमीदभाई, तुम्ही हात काढलात ते आम्हांला पलीकडं गेल्यावर कळलं." हे ऐकताना हमीदभाईंच्या चेहऱ्यावर जे यायचं ते एरवी फक्त ईदच्या नमाजानंतर दिसायचं.

आणि याच माणसाच्या एकुलत्या एका मुलीला, हिबाला, पोहता येत नव्हतं. निदान हमीदभाईंना तरी असंच माहीत होतं.

हिबा कुवेतमध्येच जन्मली. अब्बासियाच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाढली, तिथल्याच भारतीय शाळेत शिकली, नर्सिंगसाठी मंगळुरूला गेली आणि परत येऊन एका खासगी दवाखान्यात लागली. ती लहान असल्यापासून हमीदभाई दर आठवड्याला बोलत, "या शुक्रवारी तुला दर्यावर नेतो. आठ दिवसांत मासळी करून टाकतो बघ." शुक्रवार यायचा आणि गॅरेजच्या मुदीरचा, म्हणजे मॅनेजरचा, फोनही यायचा. मुदीर मनानं वाईट नव्हता, पण शुक्रवारी काम सांगताना त्याला काही वाटत नसे, आणि हमीदभाईंच्या तोंडून कधी 'नाही' निघालं नाही. हिबा दहावीत असताना शाळेनं मुलींसाठी पोहण्याचा वर्ग ठरवला. तिनं घरी विचारलं तर हमीदभाई तिच्यावर उखडलेच. "माझी मुलगी कुणा परक्याकडं पोहायला शिकणार? वाडीत कळलं तर लोक हसतील मला. मी मेलोय काय?" हिबा आपल्या खोलीत गेली. तिची आई फखरुन्निसा भाकऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकलं.

आता हिबा पंचविशीत पोचली होती. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलात तिला नोकरी मिळाली होती आणि जुलैत निघायचं होतं. बकरी ईदला गॅरेज बंद असतं म्हणून हमीदभाईंनी पहिल्यांदाच आपण होऊन बेत काढला, "मस्कतला जाऊ." फखरुन्निसाचा धाकटा भाऊ सर्फराज तिथं असतो. त्याच्याकडं मोठी गाडी होती आणि त्यानं फोनवरच सांगून टाकलं, "दुल्हाभाई, सूर गावच्या रस्त्याला जमिनीत मोठाले डोह हायत. चुनखडीचा दगड खालून पाण्यानं खाल्ला, वरचं छप्पर कोसळलं आणि आत हिरवंनिळं पाणी. एक लोकांना माहीत असलेला, एक आम्हां मोजक्यांनाच. दिवसभर पाण्यात डुंबू."

हमीदभाईंच्या मनात तेव्हाच पक्कं झालं. लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही, शिकवायला यापेक्षा बरं पाणी कुठलं? जायच्या आधी हिबाला पोहता आलंच पाहिजे. त्यांनी अब्बासियातल्या बकाल्यातून, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, दोन नारळ आणले, पण ते सोललेले निघाले. तेव्हा नारळांचा नाद सोडून ते म्हणाले, "हात आहे माझा. हात बास."

ईदच्या दुसऱ्या दिवशी ते मस्कतला उतरले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघाले. एका बाजूला उघडे करडे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्येच सपाट जमिनीवर कुंपण घातलेली एक बाग. बागेच्या पोटात तो पहिला डोह होता. काठावर उभं राहून खाली पाहिलं तर कुणी जमिनीचा घास घेतल्यासारखा गोल खड्डा, कडा चाळणीसारख्या भोकाभोकांच्या आणि तळाशी पाणी. काठाशी ते फिकट हिरवं होतं आणि मध्ये एकदम गर्द निळं. हमीदभाई कठड्याला धरून नुसते बघत राहिले.

"अब्बा, कसं वाटतंय?" हिबानं विचारलं.

"आपल्या खाडीचं पाणी असं कधी दिसलं नाय," ते म्हणाले. "पण पाणी ते पाणीच."

खाली उतरायला पायऱ्या होत्या. सुट्टीमुळं गर्दी उसळली होती. ओमानी बापे आपापल्या लेकरांना खांद्यावर घेऊन उतरत होते, केरळची मंडळी डबे उघडून बसली होती. फखरुन्निसा शेवटच्या पायरीवर पाय बुडवून बसली, तर बारीक मासे तिच्या टाचा टोचायला आले आणि ती हसत सुटली. हिबानं अंगभर काळा पोहण्याचा पोशाख घातला होता. तो नवा नव्हता, कोपरावर विटला होता. पण हमीदभाईंचं तिकडं लक्ष गेलं नाही. ते आधीच कमरेइतक्या पाण्यात उतरून दोन्ही हात पुढं करून उभे होते.

"ये. घाबरू नको. पाणी आपला दुश्मन नाय."

हिबानं एकदा आईकडं पाहिलं आणि ती पाण्यात आली.

मग सकाळभर शिकवणी चालली. हमीदभाईंनी तिला आडवं केलं, पोटाखाली तळहात धरला. "पाय मार. गुडघ्यातून नाय, मांडीतून." हिबानं पाय मारले. पाणी उडालं, ती ठसकली, हसली. मग उताणं तरंगायचं. "मान ताठ ठेवू नको. डोकं सोड माझ्या खांद्यावर. आभाळाकडं बघ. मी हाय." तिनं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं आणि डोळे मिटले. ती लहान असताना दुपारी जेवून अशीच त्यांच्या अंगावर झोपून जायची. पाणी तोंडावर मारून घेऊन हमीदभाई म्हणाले, "शाब्बास. बघितलंस? तासाभरात तरंगायला लागलीस. रक्तातच हाय तुझ्या." वर पायरीवर फखरुन्निसानं मान दुसरीकडं फिरवली. उन्हानं तिचे डोळे दिपले असतील असं त्यांना वाटलं.

सर्फराजला ते ओरडून म्हणाले, "बघ रे! माझ्या हाताला अजून विसर पडला नाय!"

जेवण करून दुसऱ्या डोहाकडं निघाले. डांबरी रस्ता संपला, मग गाडी दगडधोंड्यांतून हळूहळू चालली. हा डोह लहान होता, विहिरीहून मोठा आणि तळ्याहून धाकटा. कुंपण नाही, पायऱ्या नाहीत. एका बाजूला खडक ढासळून उतार झाला होता तेवढाच रस्ता. उताराच्या पायथ्याशी तीन-चार माणसं बसतील एवढी दगडाची लादी पाण्यात बुडालेली होती, आणि लादी संपली की तळ नाही. सर्फराजनं बजावलं, "दुल्हाभाई, इथं खालून गार झरे येतात. मध्ये जाऊ नका." हमीदभाई हसले. खाडीच्या माणसाला हा काल आलेला पोरगा पाणी शिकवत होता.

पण खरं सांगायचं तर हमीदभाईही कित्येक वर्षांत पोहले नव्हते. गावी जायचे ते लग्नकार्यांच्या धावपळीत. खाडीवर उभं राहून परत फिरायचे. साखरेच्या गोळ्या चालू होत्या, पोट सुटलं होतं. तरीही लादीवर हिबाला बसवून ते म्हणाले, "तू इथंच थांब. हात कसे मारायचे ते दाखवतो. नीट बघ." आणि त्यांनी सूर मारला.

पहिले काही हात झकास पडले. वरून ऊन, अंगाखाली गार, आणि कानात तोच जुना बुडबुड आवाज. आपण वीस वर्षांचे आहोत असं त्यांना वाटलं. ते मध्यापर्यंत गेले, वळले, लेकीला हात केला. आणि तेवढ्यात खालून गार पाण्याची एक पट्टी पायांना लागली आणि उजव्या पोटरीत गोळा आला. पाय दगडासारखा आखडला. त्यांनी हातांनी जोर केला तर श्वास पुरेना. नाकातोंडात पाणी गेलं. ओरडायला तोंड उघडलं तर आणखी गेलं. काठावर सर्फराज बूट काढत होता. त्याला धड पोहता येत नाही हे हमीदभाईंना ठाऊक होतं. फखरुन्निसाची किंकाळी त्यांनी पाण्याखालून ऐकली.

ते वर आले तेव्हा त्यांना लादी दिसली. लादी रिकामी होती.

हिबा पाण्यात होती. हमीदभाईंच्या मनात आलं, ही बुडणार. माझ्यासाठी उडी घेतली आणि आता बुडणार. त्यांनी 'नको' म्हणायचा प्रयत्न केला. पण ती बुडत नव्हती. चेहरा पाण्यात, एक हात पुढं, मग दुसरा, खांदा वळतोय, तोंड एका बाजूला, श्वास, पुन्हा पाण्यात. फार पाणीही उडत नव्हतं. ती सरळ त्यांच्याकडं येत होती आणि तिला जराही घाई नव्हती.

जवळ आल्यावर ती त्यांच्यासमोर आली नाही. वळसा घालून पाठीमागं गेली, त्यांच्या काखेतून हात घातला आणि कानाशी बोलली, "अब्बा, मला धरू नका. पाठीवर व्हा. मान ताठ नको. डोकं सोडा माझ्या खांद्यावर."

त्यांनी डोकं सोडलं. वर डोहाच्या कडेनं गोल कापलेलं आभाळ होतं. ती त्यांना ओढत नेत होती आणि तिच्या पायांचा संथ ताल त्यांना पाठीला जाणवत होता. अर्ध्या वाटेवर पोहोचेपर्यंत हमीदभाईंना सगळं कळलं होतं. हे सकाळी तासाभरात शिकलेलं पोहणं नव्हतं. ही वर्षांची सवय होती.

सर्फराजनं त्यांना लादीवर ओढून घेतलं. फखरुन्निसानं कलमा म्हणत म्हणत पोटरी चोळली. पाणी ओकून झालं, श्वास बसला, पायही हळूहळू सैल झाला. हिबा बोटांनी त्यांची नाडी बघत होती. दवाखान्यात बघत असेल तशीच. सर्फराजला अंदाज आला असावा. "गाडीतून चहाचा थर्मास आणतो," म्हणून तो चढण चढून गेला.

"कधीपासून?" हमीदभाईंनी विचारलं.

हिबानं खाली पाहिलं. उत्तर फखरुन्निसानं दिलं. "दहावीत असताना. शाळेच्या त्याच वर्गाला. मीच पाठवली. असलं कपडं पहिल्यांदा मीच शिवलेलं. तुमाला सांगितलं कवायतीचं हाय म्हणून."

"दहा वर्षं," हमीदभाई म्हणाले.

"मंगळुरूला पण पोहायला जायचे मी, अब्बा," हिबा हळूच म्हणाली. "आणि कुवेतला मंगळवारी. सालमियाच्या तलावावर बायकांसाठी वेगळी वेळ असते. ओव्हरटाइम म्हणून सांगायचे ना, ते."

"आणि सकाळी? सकाळी तो ठसका लागला, पाय चुकला, ते सगळं..."

"सॉरी, अब्बा."

"मला वेड्यात काढलंत दोघींनी."

"वेड्यात नाही," हिबा म्हणाली. "तुम्ही इतके खूश होता. विमानात शेजारच्या माणसालासुद्धा सांगितलंत, मुलीला पोहायला शिकवायला चाललोय म्हणून. मी काय सांगणार होते? आणि मला पण पाहिजे होतं ते. तुमचा हात पोटाखाली. मला खरंच पाहिजे होतं."

हमीदभाईंच्या मनातून राग कधीच उतरला होता आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते रागापेक्षा जड होतं. त्यांना एकेक दिसू लागलं. मंगळवारी ती ओल्या केसांनी यायची आणि ते विचारायचे, "दवाखान्यात आंघोळ करतेस काय गो?" आणि मायलेकी हसायच्या. तेव्हा ते पण हसले होते.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कोणी शिकवलं?"

"मिस होत्या एक. फिलिपिनो. छान होत्या."

"नाकात पाणी गेलं पहिल्यांदा, तेव्हा रडलीस?"

"खूप."

"मग?"

"मग त्यांनी मिठी मारली आणि पुन्हा उतरवलं."

हमीदभाईंनी मान डोलावली. बाईनं बरोबर केलं होतं. त्यांनीही तसंच केलं असतं.

"मी तुला एकदा नेलं होतं," ते आठवून म्हणाले. "फिंतासच्या किनाऱ्यावर. ट्यूब घेतली होती लाल."

"पिवळी," हिबा म्हणाली. "मी आठ वर्षांची होते. तुम्हाला फोन आला आणि आपण तसेच परत आलो. ट्यूब डिकीत मावेना म्हणून मी ती गॅरेजपर्यंत मांडीवर धरली होती. तुम्ही गाडी दुरुस्त करेपर्यंत मी ट्यूबमध्येच बसून होते, टायरांच्या ढिगाजवळ. मजा आली होती मला." तिला खरंच तक्रार करायची नव्हती. तिच्या मनात कुठे सल असता तर हमीदभाईंना ते सोपं गेलं असतं. माफी तरी मागता आली असती.

सर्फराज चहा घेऊन आला. चहा झाल्यावर फखरुन्निसा निघायची गडबड करू लागली, पण हमीदभाई लादीवरून हलेनात.

"हिबा, जा," ते म्हणाले. "पोहून दाखव. पलीकडच्या कडेला हात लावून ये."

"आता? नको, अब्बा."

"जा गो. मी बघितलंच नाय अजून."

ती गेली. ऊन कलतं झालं होतं आणि अर्धा डोह सावलीत गेला होता. ती सावलीतून उन्हात गेली, पलीकडच्या खडकाला हात लावून वळली आणि परत येऊ लागली. हमीदभाई डोळे बारीक करून बघत होते. वाडीतल्या पोरांचं पोहणं बघायचे तसंच, चूक शोधत. पाय बरोबर होते. हात बरोबर. पाणी कापणं तर इतकं सुरेख की त्यांना स्वतःलाही कधी जमलं नसतं. ते खाडीचं पोहणं नव्हतं. ते पुस्तकातल्यासारखं, मापात बसवलेलं होतं, आणि त्यात त्यांचं काही नव्हतं.

ती लादीला लागली तेव्हा ते म्हणाले, "श्वास फक्त उजवीकडनं घेतेस. डावीकडनं पण घ्यायचा. दर्यात लाट उजवीकडनं आली तर काय करशील?"

हिबा हसली. "मिस पण हेच म्हणायच्या."

"म्हणणारच," हमीदभाई म्हणाले. त्यांनी हात देऊन तिला वर घेतलं, आणि मग तो हात बराच वेळ सोडला नाही.

परतीच्या वाटेत ते फखरुन्निसाला म्हणाले, "बरं केलंस पाठवलीस ते." तिनं त्यांच्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं वाक्य त्यांच्या तोंडून तिनं क्वचितच ऐकलं असेल. तिला रडू आलं, आणि सर्फराजनं गाडीतला रेडिओ मोठा केला.

कुवेतला परतल्यावर गॅरेजात जून नेहमीसारखाच पेटला होता. पण हिबा निघायच्या आधीच्या शुक्रवारी मुदीरचा फोन आला तेव्हा हमीदभाईंनी सांगितलं, "आज नाही येणार." पलीकडून मुदीरनं विचारलं, "सगळं ठीक आहे ना, हमीद? घरी कुणी आजारी आहे?"

"नाही. मुलीबरोबर समुद्रावर चाललोय."

"बरं, जा. दुसरं कुणी बघतो," मुदीर म्हणाला. एवढंच. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. हमीदभाई फोन हातात धरून उभेच राहिले. हे एवढं सोपं होतं?

दोघंच निघाले. फखरुन्निसा बॅगा भरायला मागं राहिली. पण सकाळपासून वारा उठला होता आणि फिंतासला पोहोचेपर्यंत सगळं आकाश धुळीनं पिवळं पडलं. समुद्र शेजारी असून दिसत नव्हता, नुसता त्याचा आवाज येत होता. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

"थोडं थांबू," हमीदभाई म्हणाले. "वारा उतरेल."

ते गाडीतच थांबले. हिबाच्या नोकरीबद्दल बोलले, तिकडच्या थंडीबद्दल बोलले. "तिकडचा समुद्र कसा असतो?" त्यांनी विचारलं. "बर्फासारखा, अब्बा," ती म्हणाली, "पण लोक पोहतात." मग ती रात्रपाळीच्या थकव्यानं सीटवर कलंडली आणि झोपी गेली. हमीदभाईंनी एसीचा झोत तिच्या तोंडावरून बाजूला केला. काचेवर धूळ साचत होती. वायपर लावला तर तिला जाग येईल म्हणून त्यांनी तो लावला नाही. दुपारपर्यंत वारा उतरला नाही.